घरघर

मागचा पुठ्ठा काढला की आधी कुंभारमाशीचं घर निघतं,
मग पालीची दोन अंडी, रिकामी,
मग धूळ, जी आमच्याकडे कधी कोरडी नसते,
बोटाला लोण्यासारखी लागते.
मडगावात, जुन्या बाजाराच्या मागे,
एकेचाळीस वर्षं मी रेडिओंच्या पाठी उघडतो
आणि हात लावण्याआधी वास घेतो.
जळक्या मेणाचा आला तर ट्रान्सफॉर्मर गेला,
सुक्या बांगड्याचा आला तर कंडेन्सर,
नुसता लाकडाचा आला
तर घरातलं कुणीतरी गेलंय आणि सेट विकायला आलाय.

ओतिलियाबाईंचा सेट यांपैकी कशातच बसेना.
राय गावाहून रिक्षातून आणला, मांडीवर,
चादरीत गुंडाळून, काच तेवढी उघडी.
नवरा तारवटी. त्रेसष्ट साली मोंबासाच्या बंदरात
तीन महिन्यांचा पगार मोजून घेतलेला.
काचेवर लिस्बन, काहिरा, हिल्व्हरसम
आणि एक गाव पुसून गेलेलं.
काटा नेमका तिथेच अडकलेला.

मेस्त कुस्तोद शिकवायचे: एक हात खिशात ठेव,
वीज दोन हात शोधते, मधून काळजाची वाट असते म्हणून.
तर एका हाताने,
राळेच्या धुरात, डाग देत देत,
पाचातले चार व्हॉल्व्ह जगवले.
पाचवा बिस्किटांच्या डब्यातून काढला,
वास्कोच्या बंद पडलेल्या थेटराचा.
फुगलेला कंडेन्सर उपटून पन्नासचा नवा घातला.
रात्री साडेनऊला हिरवा डोळा उघडला
आणि आतून इतकी शांतता आली
की समोरच्या पोदेराची शटर ओढायची काठी ऐकू आली.
अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

बाईंनी कान लावला. बराच वेळ.
मग म्हणाल्या, "हो आमचो न्हय."

बाराातले दोन महिने तो घरी असायचा.
बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही, हा त्याचाच नियम.
म्हणून बोलायचं ते त्याआधी,
बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत,
आणि तापल्यावर जी घुंऽऽ उठायची तिच्यात.
कुठल्या बंदरात कोण आजारी पडला,
पत्र का आलं नाही,
एकदा तर...
बाई थांबल्या. रुमालाने काच पुसली.
काच पुसलेलीच होती.

घरघर काढायचे पैसे मी जन्मभर घेतले.
घालायचे किती, हे कोण सांगणार?
जुना कंडेन्सर परत लावणं म्हणजे पाप,
एखाद्या रात्री तोंडावर फुटायचा.
पन्नासच्या जागी आठचा लावला, नवाकोरा.
बाई डोळे मिटून बसल्या.
"इल्ली चड जाली."
दहाचा लावला. "आतां उणी."
तंबोरा लावावा तशी दुपारभर
मी एक बिघाड सुरात आणत होतो.
चार वाजता त्यांनी नुसता हात वर केला,
मी कावीया खाली ठेवला.

काटा सोडवू का, विचारलं. नको म्हणाल्या.
तसं त्या पट्ट्यावर आता असतं काय?
शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांची करकर.
पावतीवर लिहिलं: जुना रेडिओ, दुरुस्त.
मग 'दुरुस्त' खोडलं.
पुढे काय लिहावं कळेना, तशीच दिली.
त्यांनी पैशांबरोबर चेपणी तोरांची बरणी ठेवली
आणि सेट पुन्हा मांडीवर घेतला.

त्या रात्री दुकान बंद करून वर गेलो,
माझा स्वतःचा सेट लावला.
अगदी स्वच्छ सेट,
त्याची घरघर मी कधीच काढून टाकलेली.
बायको ताट झाकून समोर बसली होती.
व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं.
मी म्हटलं, आज मीठ बरोबर पडलंय.
ती म्हणाली, अजून जेवलात कुठे?