उलुसं

माजलगावच्या विश्रामगृहात तीन दिवसांचा उजळणी वर्ग.
चोवीस अभियंते, दोन कूलर,
त्यातला एक नुसताच आवाज करणारा.
पुण्याहून आलेल्या सरांनी पडद्यावर धरणाचं पोट दाखवलं
आणि म्हणाले, पायपिंग.
शासकीय मराठीत काय म्हणायचं याला?
गंगाखेडचे गुट्टे उठून म्हणाले, नलिकाभवन.
सगळे हसले.
मीही हसले, पण सगळ्यांच्या आधी थांबले.

जेवणानंतर भांडण जुंपलं.
आमच्याकडे गुत्तेदार,
नाशिकहून बदलून आलेल्या पोराकडे ठेकेदार,
फायलीत कंत्राटदार,
आणि तिघांचंही बिल मार्चमध्येच अडकतं.
इथवर गंमत होती.

मातीचं तसं नाही.
दबली, बसली, खचली :
अहवालात तिन्हींना एकच सेटलमेंट.
दबलेलीवर पुन्हा रोलर फिरवायचा,
बसलेलीवर बिनघोर रस्ता करायचा,
खचलेलीपाशी
उभंसुद्धा राहायचं नाही.

प्रज्ञा वाव्हळ, नोकरीला दोन वर्षं झालेली,
तिनं फळ्यावर चार रकाने आखले.
पुस्तकातला शब्द.
फायलीतला शब्द.
साइटवरचा शब्द.
आणि रात्री फोनवर येणारा.

तलावाचं नाव सांगत नाही, चौकशी चालू आहे.
भाद्रपद होता, रात्रीचे दोन.
दस्तगीर चौकीदाराचा फोन :
बाई, बांधाच्या बुडातून गढूळ यायलंय,
पाणी माती खायलंय.
मी अर्धवट झोपेत विचारलं, किती?
तो म्हणाला, उलुसं.
सकाळी लिहायची ती नोंद मी तेव्हाच मनात लिहिली :
सीपेज. किरकोळ. निरीक्षणाखाली.
आणि कूस बदलली.

उजाडलं तेव्हा विमोचकाच्या बाजूला
ट्रॅक्टर मावेल एवढं भगदाड.
माणूस गेला नाही.
खालच्या शिवारातला कापूस गेला, एक मोटारघर गेलं.
माझ्या नोंदीतला एकही शब्द
व्याकरणानं चुकलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाडी पाठवून दस्तगीरला बोलावलं.
चपला बाहेर काढून तो दारातच उभा.
हजेरीपत्रकात त्याच्यासाठी ओळ नव्हती,
वर्ग अधिकाऱ्यांचा.
मी विचारलं, चाचा, उलुसं म्हणजे किती?
त्यानं छताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं,
मग पाण्याचा ग्लास मागितला.
खिडकीतल्या कुंडीतली चिमूटभर काळी माती घातली,
बोटानं ढवळली,
ग्लास उजेडात धरून मागं करंगळी लावली.
दिसायलंय का बोट?
दिसतंय, आम्ही म्हणालो, पहिली-दुसरीतल्या पोरांसारखे.
हे उलुसं.
अजून एक चिमूट.
आता?
नाही.
आता फोन करून उपयोग न्हाई बाई, आता पळायचं.
पण उलुशाचं हे व्हायला
एक बिडी ओढायचा टाइम लागतो.

पुण्याच्या सरांनी आपली वही काढली
आणि म्हणाले, पुन्हा एकदा सांगता का, सावकाश.
प्रज्ञानं चौथ्या रकान्यात लिहिलं, पाणी माती खातं,
आणि खडू तसाच धरून राहिली,
कारण एक बिडी म्हणजे किती मिनिटं
यावर एकमत होईना.
गुट्टे म्हणाले, सात.
नाशिकचा पोरगा बिडी ओढत नाही.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली,
प्रत्येकी अठरा तास, गोल शिक्क्यासह.
दस्तगीर शेवटच्या एसटीनं निघून गेला होता.
ग्लास टेबलावर तसाच.
वर पाणी नितळ, तळाशी माती.
बसली होती.
दबली नव्हती, खचली नव्हती, बसली होती.
शिपाई आवराआवर करत आला, ग्लासाला हात घातला,
आणि एकोणतीस वर्षं फायलीची भाषा लिहिलेल्या
माझ्या तोंडून निघालं,
राहू दे उलुसं.