एकोणीस डिसेंबरच्या आधी

म्हापशात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत
माझं झेरॉक्सचं दुकान. पाटीवर लिहिलंय :
जन्मदाखले, नावदुरुस्ती, पोर्तुगीज कागद.
बावीस वर्षं येणाऱ्याला एकच विचारतो,
बापाचा जन्म एकोणीस डिसेंबर एकसष्टच्या
आधीचा की नंतरचा?

आधीचा असेल तर युरोप.
नंतरचा असेल तर बसा, चहा घ्या.

छत्तीस तासांची लढाई ती. वडील सांगायचे,
पूल उडाल्याचा आवाज आला तेव्हा
ते आंघोळीचं पाणी तापवत होते,
पाणी तापेपर्यंत सरकार बदललं.
त्या तारखेवर माझं घर चाललं.

आज शुक्रवार. बाजार करून हळदोण्याची पिएदाद आली.
पिशवीत सुकी सुंगटं, सोलं,
आणि लेकानं पाठवलेली एक पुस्तिका.
कॉस्मे पोलंडात असतो, कोल्ड स्टोरेजात मासळी भरतो.
त्याची फाईल मीच केली होती.
आजोबाच्या आडनावात एसच्या जागी झेड पडला होता,
त्या झेडपायी सात महिने गेले.

पुस्तिका सरकारी. घरोघर टाकलीय म्हणे.
मी मोबाइल वर धरतो, अक्षरं थरथरत मराठी होतात :
माणशी तीन दिवसांचं पाणी. बॅटरीचा रेडिओ.
न शिजवता खाता येईल असं काही.

"सोलं चालतील?"

कॉस्मे फोनवर सांगतो,
पूर्वी बसमध्ये डोळा लागला की झोपेतच देश बदलायचा,
आता सीमेवर तोंडावर टॉर्च मारतात.
पलीकडचा कारखाना वॉशिंग मशीनचे ड्रम करायचा,
आता तोफगोळ्यांची कवचं करतो, पगार दीडपट,
त्याचा खोलीतला सोबती तिकडे गेलाही.
फौजेचं नाव काढायला लाजणारे पुढारी
आता रणगाडे मोजून मतं मागतात.
लढाई त्याच्या गावात नाही हो,
शेजारच्या देशात आहे.

"त्याला बोलावतील काय रे सैन्यात?
कागदानं तो पोर्तुगीज ना?"

मी नियम शोधतो. मला दुसरं येतं काय.
हल्ली तिकडचे नियम महिन्याला फिरतात,
मागच्या वर्षीच्या प्रिंटा मी भेळवाल्याला दिल्या.

शेवटच्या पानावर नकाशा,
शाळेच्या तळघरावर लाल टिंब.
जवळच आहे, सांगतो, चालत सहा मिनिटं.
ती टिंबावर बोट ठेवते. बोटाला सुंगटांचा वास.

"खिडकी आहे काय तिथं?"

बाहेर एक पोरगा फाईल घेऊन उभा.
मी त्याला तारीख विचारत नाही.