टिंब

जिनिव्हात नोव्हेंबरमध्ये सरोवर दिसत नाही.
धुकं दिसतं, आणि धुक्यात कुठंतरी बोटीचा भोंगा.
तिसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलावर एकच फाइल,
पाच रोमन अक्षरांची : सुल्मा.

अर्जदार, सतरा सरकारांनी मिळून काढलेली संस्था.
समुद्रातल्या दिव्यांची देखभाल करते.
तिच्या लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरं जुळवली
की होते सुल्मा.
सामनेवाला, विल्मार एचेबेर्री, वय अठ्ठावन्न,
राहणार पायसांदू, उरुग्वे. धंदा : अकॉर्डियनची दुरुस्ती.
त्याच्या आईचं नाव सुल्मा.
सतरा देशांनी सह्या केल्या
त्याच्या त्रेपन्न वर्षं आधी
पाद्र्यानं तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं होतं.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मध्ये फक्त एका टिंबाचं अंतर.
ते मोजायची मला तासावर फी मिळते.

कोर्टात जा, असं सांगणं सोपं होतं.
पण संस्थेला कोर्टात ओढता येत नाही.
ती ज्या देशात उभी असते
तिथल्या कायद्याचा थेंब तिच्या अंगावर पडत नाही.
ती तक्रार करते. तिच्यावर तक्रार होत नाही.
मग हरलेल्या माणसानं कुठलं दार ठोठवायचं?
म्हणून ही खोली.
झेंडा नाही, तराजूवाली बाई नाही,
कॉफीचं यंत्र आहे, तेही बिघडलेलं.
दोघांनी राजीखुशीनं यायचं
आणि माझा शब्द शेवटचा. अपील नाही.

एचेबेर्रीनं संमतिपत्रावर सही केली
आणि सहीखाली एक ओळ :
“कुठल्या गावचा कायदा, तेवढं आधी सांगाल का?”
माझ्याकडे उत्तर आहे, तीन पानांचं.
त्यात गाव नाही.

सुनावणी पडद्यावर. इथं दुपार, तिकडे सकाळ.
संस्थेच्या वकील टोरून आस्गोर, आवाज कधी न चढणाऱ्या.
पुरावा क्रमांक नऊ : दोनशे अकरा पत्रं,
संस्थेसाठी निघालेली, याच्या पेटीत पोचलेली.
“लोक फसतात,” त्या म्हणाल्या.
आणि ते खरंच होतं.

मी सगळी वाचली, रात्री, ट्रॅम बंद झाल्यावर.
तेमा बंदर : दिवा विझून चार रात्री झाल्या.
फेरो बेटं : भोंगा अडकलाय, होड्या बाहेर आहेत.
कुणी एक म्हातारा, बंदराचं नाव न लिहिता :
आमच्याकडे अंधार आहे हो.
आणि प्रत्येकाखाली याचं उत्तर, नऊ वर्षं तेच :
“महाशय, आपण माझ्या आईच्या दारात आलात.
ते दार पलीकडे. पत्र पुढे पाठवतोय.
दिवा लागला की कळवा.”

अठ्ठावीस जणांनी कळवलं होतं.

‘वाईट हेतू’ असा एक रकाना असतो.
मी त्यावर पेन टेकवून बराच वेळ बसलो.

पडद्यावर त्याच्यामागे कुणी भाता ओढून पाहत होतं,
एकच सूर, हवा गळणारा.
“माफ करा,” तो म्हणाला,
“हे आज संध्याकाळी लग्नात वाजायचंय.”
आस्गोरबाई हसल्या. मग फाइलीत पाहू लागल्या.

शुक्रवारी मी संस्थेला माझं बिल पाठवलं, घाईत.
टिंबानंतरची तीन अक्षरं,
ज्यांच्यावर हा सगळा वाद,
तीच मी चुकवली.
सोमवारी पायसांदूहून उत्तर :
“साहेब, हे बहुधा त्यांचं.
उघडलं नाही, वरचं नाव वाचलं तेवढंच.
पुढे पाठवलंय.”

मुदत आज मध्यरात्री संपते.
बारा पानं झाली. दोन्ही बाजूंचं म्हणणं,
दोन्ही बाजूंचं बरोबर.
तेराव्या पानावर फक्त नाव लिहिलंय.
त्यापुढे टिंब दिलं,
आणि हात थांबलाय.