सतरा अंश

दौलतगंजात, शितोळ्यांच्या एक्स-रे क्लिनिकच्या माळ्यावर
पत्र्याखाली सहा उन्हाळे ती डिस्क फिरत होती.
मिनिटाला सात हजार दोनशे फेरे,
अंगात एक्कावन्न अंश,
आणि पोटात अख्ख्या लष्करच्या बरगड्या, गुडघे,
एका पोराने गिळलेलं रुपयाचं नाणं.

मीच सांगितलं होतं, एसी बसवा.
मे होता. कूलरच्या वाळ्यावर
ग्वाल्हेरच्या पाण्याचा पांढरा खार धरलेला,
वारा यायचा तो ओल्या गोणपाटासारखा.
थर्मामीटर दाखवून म्हटलं, मॅडम,
माणसाला ताप चढतो तसा हिलाही.
उपमा ऐकायला बरी होती.
निरुपमाबाईंनी चेक फाडला.

एसी आला. सतरावर लावला.
रात्री आठला बंसीलाल शटर ओढायचा
आणि वीजबिल त्याच्याच पगारातून जाणार असल्यासारखं
भिंतीवरचं बटण खाली.
पत्रा रात्रभर दिवसाचं ऊन परत करत राहायचा.
सकाळी दहाला पुन्हा सतरा.
दुपारी लाइट गेली की त्रेचाळीस.
यात कुणाची चूक नव्हती.
सगळे नियम पाळत होते,
माझाच.

आत काय असतं ते मी उघडून पाहिलंय.
आरशासारखी तबकडी,
तिच्यावर तरंगणारं एक टोक,
मधे एवढीशी फट
की बोटाचा ठसाही तिथे टेकडी.
धातू तापला की सैलावतो, निवला की आक्रसतो,
प्रत्येक धातू आपापल्या चालीने.
रोज दोनदा. कधी चारदा.
सप्टेंबरात आवाज आला. टक्.
थांबून, टक्.
अंधारात कुणी कडी चाचपावी तसा.

ज्यांच्याकडे शिकलो त्यांचा शेवटचा उपाय केला.
दोन पिशव्यांत गुंडाळून
घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली, मटारांशेजारी.
हेमलता म्हणाली, हे कुणाचं?
म्हटलं, साडेचार हजार लोकांचं.
ती मटार घेऊन गेली.

सकाळी अकरा मिनिटं चालली.
अकरा मिनिटांत मिळाले
नऊ गुडघे, एक कवटी,
कुणाचा तरी उजवा पंजा, बोटं फाकलेली.
मग झाकणावर दव धरलं.
टक्.

एसीनेच गेली असं लिहून देता येणार नाही मला.
सहा वर्षं म्हणजे वयच झालं होतं.
तशीच तापत ठेवली असती तर अजून चारेक वर्षं
किंवा पुढचाच मंगळवार.
पण समोरच्या झेरॉक्सवाल्या पवळ्यांकडे
त्याच कंपनीची, त्याच खेपेतली एक आहे.
पंखा नाही, हात लावला तर चटका,
वर चहाचा ग्लास गरम राहायला ठेवलेला.
विचारलं, बंद कधी करता?
म्हणाले, कशाला?

नव्या डिस्कच्या डब्यावर आता मी कागद चिकटवतो:
सव्वीसच्या खाली नेऊ नका.
रात्री बंद करू नका.
दुसरी प्रत दुसऱ्या घरात.
बंसीलाल वाचतो, मान हलवतो,
आणि आठ वाजता त्याचा हात भिंतीपर्यंत जाऊन
परत येतो.

बिल मी लावलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.
निघताना म्हटलं, ते नाण्याचं चित्र काही मिळालं नाही.
त्या टेबलाचा खण ओढून म्हणाल्या,
तिसऱ्या दिवशी पडलं होतं ते.
त्याची आई धुऊन घेऊन आली,
फीमध्ये धरा म्हणाली.