बर्फ फुटायच्या आधी

एप्रिल अर्धा सरला तरी तळं तोंड उघडत नाही.
गावाने बर्फावर नेऊन ठेवलेली भंगार मोटार
अजून चारी चाकांवर उभी आहे.
ती कुठल्या दिवशी, किती वाजता बुडेल
यावर सगळ्यांनी पाच-पाच डॉलर लावलेत. मीसुद्धा.

आणि काल्व्हीच्या आवारात, चिखलात, ट्रेलरवर
दोन पॉन्टून बोटी शेजारी-शेजारी,
पाण्याचं तोंडही न बघितलेल्या.

दोन्ही बावीस फुटी.
दोघींच्या पोटाखाली ॲल्युमिनियमच्या तशाच लांब नळ्या,
तेच नव्वद अश्वशक्तीचं इंजिन,
पेले ठेवायला तेच खळगे, अकरा इकडे, अकरा तिकडे.
(मोजले मी. घरात माणसं दोन.)
एक निळी, एक वाइनच्या रंगाची.
किमतीतला फरक असा, की
भांडायला पुरत नाही
आणि सोडून द्यायला जीव होत नाही.

व्हर्लिनने वहीत मधोमध रेघ ओढली आहे.
डावीकडे निळी, उजवीकडे लाल.
रानतांदूळ निवडावा तसा
वाकून वेल्डिंगच्या दाण्यादाण्यावरून अंगठा फिरवतो,
शिडीचं बिजागर तीनदा उघडतो, तीनदा मिटतो,
गादीची शिवण नखाने उचकून बघतो.
आतापर्यंत दोन्ही रकाने
एकमेकांची नक्कल केल्यासारखे भरलेत.
"दोन्ही चांगल्याच आहेत," काल्व्ही म्हणतो
आणि खिशात हात घालून गप्प उभा राहतो.
त्याचं विकणं ते एवढंच.

मी निळीत चढून बसते.
जमिनीवरच्या बोटीत बसलं
तरी माणूस उगाच थोडा डुलतो.
मग लालमध्ये बसते.
तिथेही डुलते. तेवढीच.

"कुठली?" व्हर्लिन खालून विचारतो.

एकोणपन्नास वर्षांपूर्वी
आईने हेच विचारलं होतं, भांडी विसळता विसळता, पाठमोरी:
टोलेफसनांच्या जुळ्यातला नक्की कुठला?
व्हर्लिन की आर्लिन?
तेच खांदे, तेच पिंगट केस,
एकाच रविवारी बापाने एकाच कात्रीने कापलेले.
हसायचेही एकदम, जणू आधी ठरवून.

माझ्याकडे वही नव्हती.
फक्त एक रात्र होती, नाचाहून परतायची.
दोघं मला सोडायला आले, अंधार मिट्ट.
एकाने आमच्या कुंपणाचं दार उघडलं,
आणि जाताना एकजण अर्ध्या वाटेवरून परत आला,
दार ओढून घेतलं, कडी लावली,
गाई बाहेर पडू नयेत म्हणून.
"अजून जागी?" म्हणाला, आणि गेला.
तो आवाज मी व्हर्लिनचा धरला.
लग्न त्या कडीशी केलं म्हणा ना.

एकतीस वर्षांनी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात,
बटाटे वाढून घेताना आर्लिन सहज बोलून गेला,
"त्या रात्री तुमचं दार मीच लावलं होतं,
हा तर तसाच पुढे निघाला होता."
सगळे हसले. ते दोघं एकदम.
मी ताटातला घास पुरा केला
आणि व्हर्लिनच्या बटाट्यांवर
न मागता आणखी रस्सा ओतला.

तोवर तीन मुलं झाली होती,
एक घर जळून पुन्हा उभं राहिलं होतं,
आणि दारं तर तो अजूनही उघडीच टाकतो.
मी जाते मागून. लावते.

"ॲर्डिस? कुठली?"

"निळी."

"का?"
पेन्सिल तयार. त्याला कारण लागतं.

"दार नीट लागतं तिचं."

तो ट्रेलरवर चढतो, गुडघे मोजत,
निळीचं दार लावतो. खट्.
उतरतो, लालवर चढतो,
तिचंही लावतो. खट्.
मान तिरपी करून ऐकत राहतो क्षणभर,
आवाज विरल्यावरही.

काल्व्ही माझ्याकडे बघतो. मी तळ्याकडे.

मग व्हर्लिन सावकाश खाली उतरतो,
वही गुडघ्यावर टेकवतो
आणि डाव्या रकान्यात
ठळक अक्षरांत लिहितो: दार.

लालचं दार मागे उघडंच आहे.