एक, तीन, चार, दोन

उद्यमबागेत मी क्रँक मोजते.
दिवसाला सत्तर, कधी ऐंशी.
मायक्रोमीटरच्या दोन ओठांत जर्नल धरायचं,
केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक पकडायची,
पास झाला की पिवळ्या खडूची टिकली.
बारा वर्षं हेच, आणि संध्याकाळी बसथांबा.
गाडी घ्यायची ठरवली तेव्हा
ऊन लागू नये म्हणून छप्पर, एवढीच नको होती मला.
चोर्ल्याच्या वळणात जी आधी घुसते
आणि मग विचारते, तसली हवी होती.

दोन मिळाल्या. दोन्ही जुन्या,
दोन्ही माझ्या पैशात मावतील-न-मावतील अशा.
लाल होती निपाणीच्या तंबाखूवाल्याच्या पोराची,
चार सिलिंडर उभे, एका ओळीत.
निळी कॅम्पातल्या रुझारिओ काकांची.
बॉनेट उघडलं तर इंजिन दिसेचना,
खाली पसरलेलं,
दोन्हीकडे हात टाकून निजल्यासारखं.

भरमा मिस्त्रीनं फरशीवरच खडूनं काढून दाखवलं.
"ह्ये बॉक्सर. आखाडा समज.
ह्यो जेवढा रेटतोय तेवढाच त्यो,
जोर गेला कुठं? कुठंच न्हाई, बरोबरीत सुटली.
म्हणून थरथर न्हाई. वजन बी जमिनीलगत,
वळणात पैलवानागत बूड टेकून बसतंय."
आणि हे?
"हेनी बैठका मारूलालेत. पयला नि चौथा उठला
की दुसरा-तिसरा बसला."
मग इथंही बरोबरीच की.
भरमा हसला. "ठाऊक असून इचारतीस?"

ठाऊक होतं.
उठणं आणि बसणं एका वेगाचं नसतं.
वरच्या टोकाशी पिस्टन घाई करतो,
खालच्या टोकाशी रेंगाळतो,
त्या फरकाची किणकिण
क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा
तळपायाला येऊन भेटते.

निळी आधी नेली, राकसकोपच्या रस्त्याला.
वळण आलं, गेलं,
पोटातलं पाणी हललं नाही.
आवाज घशात गुळाचा खडा धरून बोलल्यासारखा.
मी जवळजवळ हो म्हणणार होते.
प्लग बदलायचे झाले तर, काका?
"लहान मुलाचा हात आण, नाहीतर इंजिन उतरव."
आणि गॅस्केट?
"दोन हेड, दोन गॅस्केट, बाय.
एकाचं दुखणं निघालं
की दुसऱ्यालाही आपलं आठवतं."

लाल दुसऱ्या दिवशी.
पाच हजारांपर्यंत
भाजी निवडत बसलेल्या बाईसारखी,
मग कुणीतरी हाक मारावी
तशी पदर खोचून उठली,
आणि काटा कुठं गेला ते मी पाहिलंच नाही.
वळणात नाक थोडं बाहेर सुटलं.
हसू आलं मला, भीती नंतर.

परतताना दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं.
मालगाडी. अठ्ठावन्न डबे मोजले.
न्यूट्रलला लाल बारीक थरथरत होती,
आरसाही.
आरशात मागचा टेम्पो, त्याच्या कपाळावरची
कन्नड अक्षरं उलटी, वर हललेली.
वाचता आली मला.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
कोण कधी पेटतंय ते कळत होतं,
कुणी चुकलं तर तेही कळलं असतं.

टोकन लालला दिलं. पाच हजार.
भरमा म्हणाला, "डोकं वापरलंस."
डोकं नाही रे, तळपाय.

रविवारी काकांना सांगायला गेले.
निळी त्यांनी धुवायला बाहेर काढली होती.
ती जिथं उभी असायची
तिथं शहाबादीवर तेलाचे दोन डाग,
एक या अंगाला, एक त्या.
काका आत चहा ठेवत होते.
मी वाकले, उगाच,
वितीनं मोजलं.
दोन्हीकडे सारखंच.