वाढत्या अंगाचं पुस्तक

दर दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोनला,
म्हणजे इथल्या जानेवारीत अंधार पडता पडता,
मी ग्रंथालयाची बस सरोवराच्या उत्तर टोकाला
टपालपेट्यांपाशी उभी करते.
इंजिन चालूच ठेवावं लागतं. उणे एकतीस.
पिरिता आधीच येऊन थांबलेली असते,
पापण्यांवर हिम, पिशवीत मागची तीन पुस्तकं.

वय साडेसात. नुसत्या चित्रांची पुस्तकं तिनं
गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाला देऊन टाकली,
आखूड झालेले बूट द्यावेत तशी.
आता कुणी वाचून दाखवलेलं चालत नाही.

तिची आई मार्गा चिठ्ठी पाठवते :
"जरा जाड द्या. ओउला तिच्याच वर्गात आहे
आणि तीनशे पानांचं वाचतो."
मार्गा, कोट आपण सगळ्याच वाढत्या अंगाचा घेतो,
बाह्या दुमडतो, पुढच्या वर्षी बसेल म्हणतो.
पुस्तकाच्या बाह्या कशा दुमडायच्या?
पोर आत शिरते आणि हात बाहेरच येत नाहीत.

म्हणून मी खालच्या फळीपाशी गुडघ्यांवर बसते
(उठताना हल्ली फळीला धरावं लागतं)
आणि बघते : अक्षर केवढं,
दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा आहे का,
सूप गरम होईस्तोवर एक प्रकरण संपतं का.
चित्र चार-पाच पानांनी एकदा यावं,
बर्फातल्या वाटेवर खुणेच्या काठ्या असतात तसं.
काठीला काठी लावून रोवली
तर वाट राहत नाही, कुंपण होतं.

सुरुवातीला मी चुकले. रेनडिअरचं पुस्तक काढलं.
बापाचा कळप आहे (किती, ते इथे विचारत नाहीत,
बँकेत किती आहेत विचारल्यासारखं होतं).
तिनं मुखपृष्ठ पाहिलं, परत दिलं.
"रेनडिअर घरी आहेत. लिफ्टचं आहे का?"

लिफ्टचं.
इथून सगळ्यांत जवळची लिफ्ट कुठे असेल
मला आठवेना.
पण सापडलं एक : नऊ मजली इमारत,
चुकीचं बटण दाबणारा मुलगा, अकरा प्रकरणं.
तिनं तेच तीनदा नेलं.

डिसेंबरात मी कुत्र्याचं दिलं.
अक्षर छान, पानं साठ, सगळं मापात.
ते परत आलं तेव्हा मधेच लोकरीचा धागा होता.
"चौथ्या प्रकरणात तो आजारी पडला.
मी तिथेच थांबवलं.
पुढे वाचलं नाही तर तो आणखी आजारी होणार नाही."

मी काय बोलणार? पहिली दोनच प्रकरणं वाचून
मी पुस्तक तिच्या हातात ठेवलं होतं.
पाण्याची खोली अर्ध्यावर मोजून
पोराला उतर म्हणावं, तसं.
त्या रात्री गॅरेजमध्ये, अंगातला कोट न काढता,
उरलेली तीन प्रकरणं वाचली. मग बसून राहिले.

पंधरा दिवसांनी म्हटलं,
"मी शेवटपर्यंत वाचलं."
तिनं वर पाहिलं. अडलेल्या शब्दाकडे पाहते
तसं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
आधी सुटे तुकडे, मग सगळे एकत्र.
"सांगू नकोस," म्हणाली.
कुत्र्याचं पुस्तक स्वतःच ओढून काढलं
आणि पिशवीत ठेवलं. धागा मी जपून ठेवला होता,
चौथ्यातच.

बाकीची दोन मी निवडली.
एक पातळसं, हसायचं.
एक मार्गासाठी, थोडं वाढत्या अंगाचं.

ती निघाली. कपाळावरचा दिवा
टपालपेट्यांवरून, शेडवरून सरकत झाडांत गेला.
अर्ध्या वाटेत थांबला.
खाली झुकला.

एवढ्या थंडीत हातमोजा काढल्याशिवाय
पान उलटत नाही.
मी गिअर टाकला नाही.